लेकराला तालमीत घालावं की पळायला लावावं?

2024 च्या ऑगस्टपासून, म्हणजे पॅरिस ऑलिंपिकपासून, बीड-लातूर पट्ट्यात हा प्रश्न फार ऐकू येतो. लेकरू दहा-बारा वर्षांचं आहे, अंगात रग आहे, अभ्यासही बरा आहे, मग त्याला कुठल्या खेळात घालावं? खो-खो आणि कबड्डी आपल्याकडे उत्तम चालते, पण ऑलिंपिकचं दार त्यांना अजून उघडलेलं नाही. नेमबाज स्वप्नील कुसळेच्या कांस्यपदकानंतर रायफलची चौकशी करणारे वाढले, पण तो खर्च ऐकूनच बहुतेक घरं मागे फिरतात. खेड्यातल्या माणसाला खरोखर झेपणारे खेळ उरतात दोन, कुस्ती आणि लांब पल्ल्याचं पळणं. आमच्या घरात दोन्ही झालं. आधी तालीम, मग रस्ता. आज मुलगा पळतो. तो तिकडे का वळला ते सांगतो, पण कुस्तीची बाजू कमी करून सांगणार नाही, कारण ती खरोखरच भक्कम आहे.

पदकांचा हिशेब केला तर तुलनाच नको. हेलसिंकीत 1952 साली खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतर सुशील कुमारची दोन, योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया आणि अमन सेहरावत, अशी कुस्तीची एकूण आठ ऑलिंपिक पदकं झाली. स्वतंत्र भारताला पळण्यात एकही नाही. 1960 मध्ये रोमला मिल्खा सिंग चौथे आले. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषाही चौथ्या आल्या, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागाने. नीरज चोप्राचं सुवर्ण मैदानी खेळातलं असलं, तरी ते भाल्याचं आहे.

शिवाय कुस्ती आपल्या मातीत मुरलेली आहे. रुस्तम-ए-हिंद किताब जिंकलेले पैलवान हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि 2018 मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण घेऊन आला. गावच्या जत्रेत आजही पहिल्यांदा रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. सहा-सात वर्षांची पोरं लंगोट कसून फडात उतरतात, हलगी कडाडते, जिंकलेल्या पोराला कुणीतरी खांद्यावर घेऊन फिरवतं. हरलेल्यालाही मूठभर रेवड्या मिळतात. हे वैभव पळणाऱ्या पोराच्या वाट्याला येत नाही. तो पहाटे अंधारात जातो आणि उजाडायच्या आत परत येतो, बघायला कुणी नसतं. तालमीत मात्र मोठे पैलवान लहानांना डाव दाखवतात, चुकलं की कान पिळतात, भांडणं मिटवतात. माझ्या मुलाला तालमीने जे वळण लावलं ते आजही टिकून आहे. वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं, पहाटे न उठवता उठणं, पडल्यावर कुरकुर न करणं, हे सगळं तिथलं.

खर्चाचं म्हणाल तर उन्नीस-बीस. पैलवानाला दूध, तूप, बदाम लागतात आणि ते रोज लागतात. दुष्काळाच्या वर्षी घरचं जनावर विकावं लागलं की पहिली अडचण खुराकाची होते. पळणाऱ्याला बूट लागतात. चांगला जोड महाग असतो आणि आपल्या मुरमाड रस्त्यावर लवकर झिजतो. पण भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, उसळ आणि अंडी एवढ्यावर पोरगं पळतं.

वयाच्या बाबतीत पळणं जास्त उदार आहे. कुस्तीत दहाव्या-अकराव्या वर्षी हात लागला नाही तर पुढे डाव अंगात मुरत नाहीत, असं जुनी माणसं सांगतात आणि मला ते पटतं. धावपटू अविनाश साबळेचं बघा. आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आई-वडील मजुरी करणारे, शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर तो फौजेत गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहून आला, राजस्थान-सिक्कीम करून आला, आणि 2015 च्या सुमारास कुठे नीट स्पर्धेत पळायला लागला. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची 3000 मीटरची शर्यत, तर त्याहूनही उशिरा. तरी 2018 मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनींचा 37 वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूपासून अवघ्या 0.05 सेकंदांनी मागे राहून रौप्य घेतलं, 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण. मांडव्यात सिंथेटिक ट्रॅक नव्हता आणि पाण्याचा खड्डाही नव्हता.

आता ज्या गोष्टीने आमच्या घरात निकाल लागला ती सांगतो. ती म्हणजे वजनाचा काटा.

कुस्तीत वजनगट असतात हे सगळ्यांना माहीत आहे. वाढत्या वयाच्या लेकराच्या घरात त्याचा अर्थ काय होतो, हे मात्र राहून बघितल्याशिवाय कळत नाही. मुलगा नववीत होता. उंची भरभर वाढत होती, भूक तर विचारू नका. वस्तादांचं म्हणणं होतं की 48 किलोत राहिला तर जिल्ह्याला नक्की नंबर लागतो, वरच्या गटात त्याच्यापेक्षा थोराड पोरं आहेत. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. माणूसही मायेचा होता. पण स्पर्धा जवळ आली की निरोप यायचा, ‘दादा, दोन दिवस भाकर बंद करा, दूधही नको.’ मग पोरगं भर दुपारी दोन स्वेटर आणि वरून रेनकोट घालून पळायचं. रात्री पाण्याची चूळ भरून थुंकून टाकायचं, घोटभरही गिळायचं नाही. त्याची आई ताट वाढून बसलेली आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपलेलं, हे चित्र आमच्या घरात वारंवार दिसायला लागलं.

एका स्पर्धेला मी सोबत गेलो. सकाळी काट्यावर उभा राहिला तर आकडा 48.3. मग मैदानाला चकरा, पुन्हा घाम, पुन्हा थुंकणं. ओठ फुटलेले होते. शेवटी काटा जुळला. पहिल्याच कुस्तीत दुसऱ्या मिनिटाला त्याने एकेरी पट काढला, पाय हातात आला, आणि पकड सुटली. पोराला डाव येत होता, पण बोटांत जोर उरला नव्हता. समोरचा पोरगाही तसाच सुकलेला होता. कोण जास्त वेळ उपाशी राहू शकतो याची ती कुस्ती झाली होती.

हे खालच्या पातळीवरचं अज्ञान आहे, वर गेलं की शास्त्रशुद्ध होतं, असं मला बऱ्याच जणांनी समजावलं. वर काय होतं तेही बघू. पॅरिसमध्ये 7 ऑगस्ट 2024 च्या सकाळी विनेश फोगाट 50 किलोत 100 ग्रॅमनी जास्त भरली आणि अंतिम लढतीआधीच बाद झाली. आदल्या दिवशी तिने तीन कुस्त्या जिंकल्या होत्या. 2018 पासून एका गटाची स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही सकाळी वजन होतं, त्यामुळे एकदा उतरवून भागत नाही. अमन सेहरावतने कांस्याच्या लढतीआधी साधारण दहा तासांत 4.6 किलो उतरवले. त्याची जिद्द मोठीच, त्याला मनापासून नमस्कार. पण सोबत डॉक्टर आणि प्रशिक्षक असूनही रात्र तशीच काढावी लागते, मग तालुक्याच्या गावात आपलं लेकरू कुणाच्या भरवशावर ती काढणार?

आपल्या राहुल आवारेचं तर काट्यानेच नुकसान केलं असं मला वाटतं. 2019 मध्ये त्याने जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं, 61 किलोत. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाईलला 57 नंतर थेट 65 आहे, 61 चा गटच नाही. खाली 57 मध्ये रवी दहिया उभा, वर 65 मध्ये बजरंग. जगात तिसरा आलेला पाटोद्याचा पैलवान ऑलिंपिकला गेलाच नाही. उलट खाशाबांकडे बघा. 1948 मध्ये लंडनला ते 52 किलोच्या फ्लायवेटमध्ये सहावे आले आणि चार वर्षांनी एक गट वर जाऊन पदक घेऊन आले. त्यांच्या यशाला बाकी कारणंही असतील, पण वाढणाऱ्या अंगाला वाढू द्यावं हे मला त्यातून दिसतं.

विनेश ज्या दिवशी बाद झाली त्याच दिवशी रात्री, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, साबळे अंतिम फेरीत पळाला. ऑलिंपिक स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. अकरावा आला, 8 मिनिटं 14.18 सेकंद. पदक नाही. पण त्याला सकाळी कुणी काट्यावर उभं केलं नव्हतं, आणि आपल्याहून वेगवान दहा जण पुढे होते एवढंच त्या निकालाचं कारण होतं. आम्ही घरातले सगळे जागे होतो. मला त्या रात्री पदक न मिळाल्याचं वाईट वाटलं, पण मन स्वच्छ होतं.

पळण्याचे त्रास नाहीत असं समजू नका. सगळ्यात मोठी भीती रस्त्याची. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते, शेताच्या कडेने पळता येत नाही, म्हणून पोरं डांबरीवर येतात. दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात आणि पहाटे त्याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे लाल दिवा नाही, बाजूला बाहेर आलेलं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे. मी मुलाला चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घेऊन दिलंय आणि कारखान्याच्या हंगामात तो वाहनांच्या समोरच्या बाजूने, उजवीकडूनच पळतो. नडगीचं दुखणंही ठरलेलं, विशेषतः ज्यांना बूट मिळायच्या आधी डांबरावर पळवलं जातं त्यांना. अडथळ्यांची शर्यत म्हणाल तर तिथे 3000 मीटरमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. अडथळा 36 इंची, जाड लाकडाचा, हर्डलसारखा पडत नाही, आपणच पडतो. त्याचा सराव गावात होत नाही, त्यासाठी कधी ना कधी बाहेर जावंच लागतं. छत्रपती संभाजीनगरला साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, केंद्र आहे, नाहीतर पुणे, नाहीतर फौज.

बारीक राहण्याचा दबाव पळण्यातही असतो, मुलींवर तर जास्तच, हे मी नाकारत नाही. मुलगी पळत असेल तर तिच्या जेवणाकडे आणि पाळीकडे आईने लक्ष ठेवलंच पाहिजे. पण शर्यतीच्या दारात काटा ठेवलेला नसतो, आणि उपाशी पोराला घड्याळ लगेच उघडं पाडतं. माझा मुलगा पळायला लागल्यापासून रात्री पोटभर जेवतो, सकाळी पुन्हा मागतो आणि दोन वर्षांच्या पँटी त्याला एका वर्षात आखूड झाल्या. माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही, आणि मला याहून मोठा लागलाही नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल पालक बोलत नाहीत पण मनात सगळ्यांच्या असते. ऑलिंपिक शंभर पोरांतल्या एकाच्याही वाट्याला येत नाही. बाकीच्यांचं काय? पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं, फौजेत 2023 पासून आधी लेखी परीक्षा होते, पण त्यानंतर मैदानावर पळावंच लागतं. आपल्याकडे पहाटे चारला हायवेवर दिसणारी निम्मी पोरं त्यासाठीच पळत असतात. तीन-चार वर्षं शिस्तीत पळालेलं पोरगं तिथे मागे पडत नाही. पैलवानांनाही भरती मिळते, खेळाडूंच्या कोट्यातून मिळते, पण त्यासाठी मोठ्या स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात हवं.

तरीही काही घरांसाठी मी कुस्तीच सांगेन. घरात आजा-पणजापासून तालीम असेल, लेकरू अंगाने आडवं आणि जड असेल, त्याला माणसांत राहायला आवडत असेल, तर त्याला एकट्याने रस्त्यावर पाठवून ते रमणार नाही. अशा वेळी तालीम निवडताना मॅट किती मोठी आहे हे नंतर बघा. वस्तादांना आधी एवढंच विचारा, की स्पर्धेच्या आठवड्यात लेकराच्या जेवणाचं काय करता? ‘जेवढं भरेल त्या गटात खेळवतो,’ असं उत्तर आलं तर डोळे झाकून त्यांच्या स्वाधीन करा. असे वस्ताद मराठवाड्यात आहेत. एक तर आमच्याच तालुक्यात आहेत, ते आम्हाला आधी भेटले असते तर माझा मुलगा कदाचित आजही लंगोट लावत असता.

बाकी बहुतेकांना, विशेषतः लेकरू सडपातळ असेल, उंची वाढायची बाकी असेल आणि जवळ असा वस्ताद नसेल, तर पळण्याकडे वळवा असंच माझं मत आहे. सुरुवातीचे दोन-तीन महिने घड्याळ हातात देऊ नका, बोलत बोलत पळता येईल एवढ्याच वेगाने पळू द्या. बूट पहिल्याच दिवशी घ्या. शालेय तालुका स्पर्धा पावसाळ्यात लागतात, त्यामुळे शाळा उघडली की लगेच क्रीडाशिक्षकांना भेटून त्याच्या वयोगटात जी सगळ्यात लांब शर्यत असेल तिच्यात नाव घाला. जन्मतारखेचा दाखला आणि आधार कार्ड तेव्हाच तयार ठेवा, ऐन वेळी नाव कटतं ते त्यावरूनच.