एकाच बॉनेटवर वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक: दहा महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक धुतलं आणि तिथंच दोन मास्किंग टेप उभ्या चिकटवून, रंग जपायला लावायचे तीन लेप ताडून बघायला तीन पट्टे पाडले. ड्रायव्हरच्या बाजूला सिरॅमिक, म्हणजे काचेसारखा कडक होणारा लेप, मधे सीलंट, म्हणजे कृत्रिम पॉलिमरचा, पलीकडे वॅक्स, म्हणजे मेण. आप्पा पायरीवर बसून बघत होते. "एवढं घासायलाईस, त्यापेक्षा टायरातली हवा बघ की," एवढंच म्हणाले.

गाडी गडद निळी, पाच वर्षांची. आठवड्यातले सहा दिवस कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत उघड्यावर उभी असते आणि घरी धुवायला बोअरचं पाणी. हे आधीच सांगतो, कारण पुढचा निकाल या दोन गोष्टींनीच लावला. एका स्टुडिओत सिरॅमिकचे बावीस हजार सांगितले होते, वर दर सहा महिन्यांनी पैसे भरून मेंटेनन्स. तेवढे घालण्याआधी तीन हजारांची बाटली आणून स्वतःच बघावं म्हटलं.

आपल्याकडं सगळ्यालाच पॉलिश म्हणतात, तिथंच घोळ होतो. पॉलिश म्हणजे बारीक घासणं. त्यानं ओरखडे जातात, पण सोबत रंगावरच्या पारदर्शक क्लिअर कोटचा थरही जातो, आणि तो मुळात 40-50 मायक्रॉनच असतो. वॅक्स, सीलंट, सिरॅमिक हे त्यावर चढवायचे थर. शोरूमवाले 'टेफ्लॉन' म्हणून विकतात तेही शेवटी सीलंटच्याच घरातलं. तव्यावरचं टेफ्लॉन साडेतीनशे अंशांच्या वर भाजून बसवतात. गाडी कुठल्या भट्टीत घालणार?

खरा वेळ तयारीत गेला. गाडी धुऊन झाल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवर फिरवला तर सॅंडपेपरसारखं लागलं. ही एमआयडीसीतल्या फौंड्र्यांची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांची, देणगी. कास्टिंग ग्राइंड करताना उडणारे लोखंडाचे कण रंगावर बसतात आणि तिथंच गंजतात. आमच्या पार्किंगमधल्या पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी ठिपके दिसतात, लोकांना वाटतं पत्राच गंजला. आयर्न रिमूव्हर मारल्यावर माझ्या बॉनेटवरून जांभळे ओघळ उतरले, तेव्हा आप्पाही उठून बघायला आले. मग क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी माती, हलकं पॉलिश आणि शेवटी अल्कोहोलनं पुसणं. तेलाचा अंश राहिला तर सिरॅमिक धरत नाही.

वॅक्स आणि सीलंट लावायला पोरखेळ. सिरॅमिकनं मात्र घाम काढला. थोडं लावायचं, मिनिटभरात पृष्ठभागावर तेलकट इंद्रधनुष्य उमटलं की लगेच पुसायचं. ट्यूबलाइटच्या उजेडात तळहाताएवढा भाग सुटला, आणि सकाळी तिथं कडक झालेला काळपट डाग. घासून काढला, पुन्हा लावला. वर परतीच्या पावसाची भीती. पहिला दिवस पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर शाम्पू नाही, म्हणून गाडी शेजारच्या काकांच्या शेडमध्ये नेऊन ठेवली.

पहिला महिना दिसायला वॅक्सच भारी होतं. कार्नौबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण; गडद रंगावर त्याची जी ओली खोली दिसते ती बाकी दोघांना नाही. पण सहाव्या आठवड्यात पाणी थेंब न धरता पसरायला लागलं, म्हणजे वॅक्स उडालं. डिसेंबरात पुन्हा लावलं, तेही फेब्रुवारीत संपलं. मग नाद सोडला.

गळीत हंगामात साखर कारखान्यांची काळी राख हवेतून येऊन बसते. ती इतकी हलकी की फुंकरीनं उडावी, पण सकाळी गाडी पुसायला येणारा मुलगा ती कोरड्या फडक्यानं दाबून ओढायचा. जानेवारीत उन्हात बॉनेट तिरकं बघितलं तर तिन्ही पट्ट्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे, सिरॅमिकवर थोडे कमी, पण होतेच. सिरॅमिकवाले '9एच' कडकपणा म्हणून जे मिरवतात तो पेन्सिलच्या शिशाच्या चाचणीतला आकडा आहे. थर जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. हायवेच्या रुंदीकरणातली खडी उडाली तेव्हा सिरॅमिकच्या पट्ट्यावरही टवका उडालाच. दगडासाठी पीपीएफ लागते, ती रंगावर चिकटवायची दीड-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म असते आणि खर्चही त्याच मापाचा. मुलाला मी फडक्याऐवजी मायक्रोफायबर दिलं. त्या मायक्रोफायबरनं त्यानं स्वतःची मोटरसायकल पुसली. शेवटी त्याला गाडी पुसू नको म्हणून सांगितलं.

चैत्रात जोतिबाला गेलो. वाडी रत्नागिरीवरून, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरून, उतरलेली कुठलीही गाडी गुलाबी असते, आमचीही होती. त्यात वाटेत वळवाची सर आली, म्हणजे गुलालाचा चिखलच. घरी नुसता पाण्याचा फवारा मारला तर सिरॅमिकचा पट्टा जवळजवळ स्वच्छ. सीलंट यात्रेच्या आधीच दुसऱ्यांदा लावलं होतं, त्याला एक हात शाम्पूचा लागला. वॅक्सच्या, म्हणजे आता उघड्याच पट्ट्यावर गुलाबी झाक दोन धुण्यांपर्यंत राहिली. त्या दिवशी मी स्टुडिओचा नंबर पुन्हा शोधला होता.

फोन लावला नाही, कारण मे महिना आला. सिरॅमिकवर पाण्याचे थेंब टपोरे, गोल उभे राहतात, व्हिडिओत बघायला छान वाटतं. बोअरच्या जड पाण्याचा तोच थेंब तापलेल्या बॉनेटवर वाळला की मागं क्षाराची पांढरी कडी ठेवतो. सीलंटवरही डाग पडले, पण तिथं पाणी जरा पसरतं, डाग फिके. सिरॅमिकवर मात्र नाण्यासारखे ठळक. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पुसल्यावर बरेचसे गेले, पाच-सहा थरातच रुतून बसले. ते काढायचे तर पॉलिश करायचं, म्हणजे सिरॅमिकही काढायचं. ऑफिसातला मित्र विचारतो, "सिरॅमिक केल्यावर गाडी धुवायला लागत न्हाई म्हणं?" लागते भावा, उलट वेळेवर धुवून लगेच पुसायला लागते.

पावसाळ्यात चित्र पुन्हा फिरलं. गगनबावड्याला दोनदा जाऊन आलो. पावसाचं पाणी मऊ, डाग नाहीत, आणि सिरॅमिकच्या बाजूचा चिखल घरी येईपर्यंत धुऊन गेलेला. ज्याची गाडी शेडखाली असते, नळाच्या पाण्यानं धुतली जाते आणि जो स्वतः धुतो, त्यानं सिरॅमिक खुशाल करावं, पैसे वाया जाणार नाहीत. कावळ्याची विष्ठा मात्र तिथंही त्याच दिवशी काढायची.

माझ्या गाडीला मी आता सगळीकडं सीलंट लावतो. बाराशेची बाटली, वर्षभर पुरेल असं दिसतंय. चार महिन्यांनी एक रविवार, त्याआधी आयर्न रिमूव्हर. डाग पडले, ओरखडे आले तरी जीव जळत नाही, पुढच्या रविवारी नवा थर. उरलेलं वॅक्स आप्पांच्या जुन्या स्कूटरला लावलं. ती घरात उभी असते, तिच्यावर ते टिकलंय.

बॉनेटवरचा सिरॅमिकचा पट्टा तसाच ठेवलाय. पाऊस पडला की एका बाजूचे थेंब वेगळे दिसतात. परवा आईनं विचारलं, "त्या बाजूला कुंकू चालत नाही काय रं?" चालतं म्हटलं. तशीही ती स्वस्तिक मधेच काढते, सीलंटवर.