बिलावर ६०००, पडद्यावर ६०००, तरीही रॅम भलतीच

भाच्यासाठी गेमिंगचा संगणक जुळवून घेताना मुंबईतील एका दुकानदाराने रॅमच्या बाबतीत जी हातचलाखी केली, ती इतकी साधी आणि इतकी बेमालूम होती की अनेकांच्या संगणकात ती आजही बिनबोभाट चालू असेल. त्यामुळे घडले ते सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण प्रकरण त्या एका गल्ल्यापुरते आहे असे मला वाटत नाही.

प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६०० ठरला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कोटेशनमध्ये रॅमची ओळ स्पष्ट होती: डीडीआर५, १६ जीबीच्या दोन पट्ट्या, ६०००, सीएल ३०. ही निवड भाच्याने विचारपूर्वक केली होती. रायझन ७००० मालिका २०२२ मध्ये आली, तेव्हा एएमडीनेच ६००० हा वेग या प्रोसेसरांसाठी किफायतशीर आणि योग्य टप्पा म्हणून सांगितला होता. कोटेशनवर आम्ही होकार दिला, जोडणी दुकानातच झाली आणि संगणक घरी आला. पट्ट्यांना काळे धातूचे कवच होते, त्यावर ६००० असे छापलेले स्टिकर होते आणि बिलावर ‘रॅम ३२ जीबी डीडीआर५ ६०००’ अशी नोंद होती. रॅमचे खोके मात्र दिले नाही. विचारल्यावर ‘ओईएम पीस आहे (म्हणजे कंपन्यांना घाऊक पुरवला जाणारा माल), खोके येत नाही’ असे उत्तर मिळाले.

बिलावरून सीएल ३० हा आकडा गळाला होता आणि तेच पुढच्या सगळ्या प्रकाराचे मूळ आहे. ६००० हा वेग झाला, म्हणजे एका सेकंदात माहितीची किती देवाणघेवाण होते त्याचे माप. सीएल म्हणजे मागणी केल्यापासून माहिती हाती येईपर्यंत किती घड्याळी ठोके जातात ते. हे ठोके वेगानुसार लहानमोठे होत असल्याने नुसता सीएल पाहूनही भागत नाही. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. ६००० आणि सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० आणि सीएल ३६ म्हणजे १२. ५६०० आणि सीएल ४६, जी अगदी साधी, कवच नसलेली रॅम सर्रास असते, तिचा विलंब सोळाच्या वर जातो. 

सुरुवातीला सगळे सुरळीत वाटले. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला की वेगाच्या रकान्यात ६००० दिसे. मधूनच खेळ अडखळे आणि कधी निळा पडदा येऊन संगणक पुन्हा सुरू होई, पण दुकानदाराने त्याचे खापर ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर फोडले. पाणी कुठे मुरते आहे ते कळले मदरबोर्डचा बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली, अद्ययावत केल्यावर. अद्ययावत केल्याने बायोसमधील सर्व सेटिंग्ज मूळपदावर आली आणि रॅमचा वेग ६००० च्या खाली उतरला. भाचा एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे निर्मात्याने ठरवून दिलेला जादा वेग, चालू करायला गेला, तर यादीत एकही प्रोफाइल नव्हते.

इथेच बिंग फुटले. ६००० आणि सीएल ३० ही रॅमच्या सर्वमान्य मूळ मानकातली जोडी नाही. तो वेग आणि सीएलसारखी विलंबाची मापे निर्माता पट्टीवरील एका छोट्या चिपमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल म्हणून साठवून देतो, आणि त्यासाठी व्होल्टेजही मूळच्या १.१ ऐवजी बहुधा १.३५ च्या आसपास लागते. प्रोफाइल नसलेली ‘६००० सीएल ३०’ ही वस्तू बाजारात असूच शकत नाही. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमच्या एसपीडी पानावर, जिथे त्या चिपमधील नोंदी दिसतात, पाहिले, तर फक्त मूळ मानकाचे रकाने होते आणि सर्वांत वरचा ५६००, सीएल ४६ चा होता. म्हणजे साधी ५६०० ची रॅम कवच चिकटवून गळ्यात मारली होती. दुकानातच बायोसमध्ये हाताने वेग ६००० केला होता आणि ती तेवढ्यावर कशीबशी चालावी म्हणून सीएल ४८ वर सैल सोडला होता. भाच्याने पूर्वीच काढून ठेवलेल्या एका स्क्रीनशॉटमध्ये तो ४८ चा आकडा स्पष्ट दिसत होता. विलंब १० ऐवजी १६ नॅनोसेकंद, आणि वर अस्थिरतेचा भुर्दंड. टास्क मॅनेजर वेग दाखवतो, सीएल दाखवत नाही. सगळी लबाडी या एका फटीतून शिरली होती.

दुकानात गेल्यावर मालकाने कानावर हात ठेवले. ‘अहो काका, बिलावर ६००० लिहिलंय, तुमच्या पडद्यावर ६००० दिसत होतं, मग फसवलं कुठे?’ हा त्यांचा युक्तिवाद ऐकून मला रागापेक्षा त्यांच्या तयारीचे आश्चर्य वाटले. कोटेशनमधील सीएल ३० दाखवले, तेव्हा ‘ते टायपिंग असेल’ असे म्हणून हात झटकले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, कोटेशन, बिल आणि दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार नोंदवल्यावर मात्र सूर बदलला. आधी ‘फरकाची रक्कम देतो’ असा प्रस्ताव आला. तो नाकारल्यावर ठरलेल्या रॅमची सीलबंद जोडी मिळाली. ती दुकानातच बसवून घेतली आणि प्रोफाइल डोळ्यांनी पाहूनच निघालो. तडजोड झाली नसती, तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता आले असते.

या फरकाने खेळात आभाळ कोसळते असे नाही. ग्राफिक्स कार्डच कमी पडत असेल, तर सरासरी फ्रेम फारशा बदलत नाहीत; कमी रिझोल्यूशनवर, प्रोसेसरवर भार असताना, मधले झटके कमी होतात. मोठ्या कॅशच्या (म्हणजे प्रोसेसरमधल्याच वेगवान साठवणीच्या) एक्स३डी प्रोसेसरांना तर रॅमचा फरक आणखी कमी जाणवतो. दुकानदाराने ‘५६०० सीएल ४६ घ्या, पैसे वाचतील’ असे उघड सांगितले असते, तर भाच्याने कदाचित आनंदाने ऐकले असते. पैसे एका मालाचे घ्यायचे आणि दुसराच द्यायचा, हे मात्र खपवून घेण्यासारखे नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकले आहेत की हा मोह कमी होण्याची चिन्हे नाहीत.

जोडणी दुकानात करून घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी सीपीयू-झेड चालवून घ्यावे. मेमरीच्या पानावर वारंवारता ३००० दिसली तर दचकू नये. डीडीआरमध्ये वेग तिच्या दुप्पट धरतात. त्याच पानावरचा सीएल आणि एसपीडी पानावरचे प्रोफाइल मात्र कोटेशनशी जुळलेच पाहिजे. प्रोफाइल साठवणारी चिपही पुन्हा लिहिता येते, त्यामुळे खोक्यावरचा आणि पट्टीवरचा अनुक्रमांक एकच आहे ना, हेही पडताळावे. आणि बिलावर कंपनी, मॉडेल क्रमांक, पट्ट्यांची संख्या, वेग व सीएल या पाचही गोष्टी लिहून घ्याव्यात; दुकानदार सीएल लिहायला का-कू करू लागला, तर रॅम दुसरीकडून घ्यावी.