घरच्या कॉम्प्युटरवर रेसिंग: आयरेसिंग घ्यावं की कॉम्पेटिझिओने?

सिम रेसिंग (कॉम्प्युटरला स्टिअरिंग-पेडल जोडून खऱ्यासारखी शर्यत) सुरू करायचंय, कुठला गेम घेऊ, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, आठवड्यात किती संध्याकाळी मोकळ्या मिळतात? ग्राफिक्स कार्डचं नंतर बघू.

कारण आयरेसिंग हे भाड्याचं घर आहे. 2008 पासून चालू असलेल्या या सिमला महिन्याला साधारण 13 डॉलर वर्गणी पडते. वर्षाची एकदम भरली तर स्वस्त, आणि नव्या सदस्यांसाठी बऱ्याचदा सवलत असते. वर्गणीत काही गाड्या आणि ट्रॅक मिळतात, बाकीच्यांचे पैसे वेगळे: एकेकाचे 12 ते 15 डॉलरच्या आसपास. वर्गणी थकली की पैसे मोजून घेतलेली गाडीसुद्धा बाहेर काढता येत नाही, दाराला कुलूप. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने (2019, कुनोस या इटालियन कंपनीचं) एकदा विकत घेतलं की तुमचं. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात सेल लागला तर फारच स्वस्तात मिळतं. दोन महिने हात लावला नाही तरी मीटर पडत नाही.

मग लोक भाडं का भरतात? शिस्तीसाठी. आयरेसिंगमध्ये सगळे 'रुकी' म्हणून सुरुवात करतात आणि पहिली गाडी बहुतेकांची माझदा एमएक्स-5. चाकं ट्रॅकबाहेर गेली की दंडाचा 1 पॉइंट, गाडी फिरली की 2, दुसऱ्याला जोरात धडकलात की 4. किती वळणांमागे किती पॉइंट पडले यावरून सेफ्टी रेटिंग ठरतं, आणि ते वाढल्याशिवाय वरचं लायसन्स नाही. चूक कोणाची हे मशीन बघतच नाही. मागून कोणी येऊन तुम्हाला उडवलं तरी तुमच्या नावावर 4. सुरुवातीला हा शुद्ध अन्याय वाटतो, मी तर हेडफोन आपटले होते. हळूहळू नजर आरशाकडे जायला लागते. लाइम रॉक या अमेरिकन ट्रॅकच्या पहिल्या उजव्या वळणाला मागचा भिडू फार उशिरा ब्रेक मारतोय हे दिसलं, की आपण बाहेरची बाजू धरतो, तो आतून घसरत ट्रॅकबाहेर जातो आणि आपण शांतपणे पुढे. वेग वाढवायच्या आधी माणसं ओळखायला शिकवणारी ही शाळा आहे. रोज तास-दीड तास देणार असाल तर भाडं वसूल.

कॉम्पेटिझिओनेत तुम्ही थेट जीटी3 गाडीत, म्हणजे स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाडीत बसता. ताकद मोठी, पण एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागेवर फिरू न देणारं) असल्याने नवखा माणूसही पहिल्याच दिवशी बेल्जियमच्या स्पा ट्रॅकचा लॅप पुरा करतो. पाऊस तर बघण्यासारखा, ट्रॅकवर ओली-कोरडी पट्टी तयार होताना दिसते. दुखणं आहे ते कोणीही येऊन खेळू शकतं अशा सार्वजनिक सर्व्हरचं: इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकचं पहिलं वळण म्हणजे दादर स्टेशनचा जिना. त्यावर उपाय लो फ्युएल मोटरस्पोर्ट ही वेबसाइट. इथे नोंदणी फुकट, ठरलेल्या वेळी शर्यती, स्वतंत्र रेटिंग, आणि माणसं बरीच सभ्य. मात्र हा गेम ग्राफिक्स कार्ड चांगलंच घामाघूम करतो. कॉम्प्युटर पाच-सहा वर्षं जुना असेल तर आयरेसिंग जास्त सुरळीत चालेल.

स्टिअरिंगचं थोडक्यात: सेकंडहँड लॉजिटेक जी29 पुरेसं आहे. गिअरवर चालतं, खडखडतं, पण दणकट. मोझा आर5 सारखं डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरला जोडलेलं स्टिअरिंग) 5.5 न्यूटन-मीटरचा जोर देतं, म्हणजे जी29 च्या दुपटीहून जास्त, आणि टायरची पकड सुटतेय हे हाताला आधी कळतं. पण ते दुसऱ्या वर्षी घ्या. लॅप टाइम आधी सुधारतो तो ब्रेकमुळे, आणि ब्रेक सुधारतो खुर्चीमुळे. चाकांची ऑफिसची खुर्ची असेल तर प्रत्येक ब्रेकला तुम्हीच मागे जाता. मी चारही बाजूंनी जुन्या चपला अडकवून पाहिल्या, शेवटी डायनिंगची लाकडी खुर्ची आणली आणि पेडल भिंतीला टेकवले. खाली एक सतरंजी घाला, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका रात्री अकराला बेल वाजवतील.

इंटरनेट मात्र दोन्हीकडे केबलनेच. वायफाय मधेच अडखळलं की तुमची गाडी इतरांना उड्या मारताना दिसते आणि शिव्या तुम्हाला पडतात.

नोकरी, घर, मुलं सांभाळून शनिवारी रात्रीचे दोन तासच हाती असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: कॉम्पेटिझिओने घ्या, आधी एकट्याने मॉन्झाचे 50 लॅप मारा, सलग 10 लॅप गाडी ट्रॅकवर राहिली की मगच लो फ्युएलवर नाव नोंदवा. तरीही बुधवारी दुपारी ऑफिसात ब्रेकिंग पॉइंट आठवायला लागले, तर आयरेसिंगची सवलत कधी लागते यावर नजर ठेवा.