गांडूळ खताच्या नावाखाली वाळू विकली मला, लिव्हिंग सॉइल करणाऱ्यांनी वाचाच

लिहू का नको असं चाललं होतं कारण यात माझाही बावळटपणा भरपूर आहे, पण परवा अजून एकाला तोच माणूस तीच स्टोरी सांगतोय हे कळलं म्हणून लिहितोय.

टोमॅटो आणि मिरचीच्या कुंड्यांसाठी घरीच लिव्हिंग सॉइल, म्हणजे सूक्ष्मजीवांनी भरलेली जिवंत माती, करायचं ठरवलं होतं. रेसिपी तीच, जी जिथे गांजा लावणं कायदेशीर आहे तिथल्या ऑरगॅनिकवाल्यांनी फेमस केलीये, एक भाग पीट किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग हवा खेळती ठेवणारं काहीतरी म्हणजे परलाइट वगैरे, आणि एक भाग गांडूळ खत. त्यात निंबोळी पेंड, थोडी दगडाची पूड, जिप्सम. पेंड मी २८ लिटर मिक्सला साधारण अर्धा कप धरली होती. या सगळ्यात जीव असतो तो खतात, बाकी सगळा सांगाडा. म्हणजे खत खोटं निघालं की संपलंच.

विकणाऱ्याने आधी छोटं सॅम्पल पाठवलं. काय सांगू, एक नंबर! काळं, चहापत्तीसारखं मोकळं, पहिल्या पावसाच्या मातीचा वास. मी लगेच मोठी ऑर्डर दिली, पैसे आधी. पोती आली ती दिसायला तशीच, फक्त जड. मला वाटलं ओलं असेल. आणि तो विकतो किलोवर, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मिक्स करून ढीग लावला, दोन दिवसात गरम झाला आणि अमोनियाचा असा भपका की डोळ्यातून पाणी. त्याला फोन केला तर एकदम प्रेमाने, "अहो सर, लिव्हिंग सॉइल कुक होतंय, चार आठवडे हात लावू नका." आता गंमत बघा, हे अर्धं खरं आहे. पेंडेसारखी नत्रवाली खतं घातली की ढीग तापतो आणि २ ते ४ आठवडे मुरू द्यावाच लागतो. पण इतका वास मुरलेल्या गांडूळ खताचा येत नाही, तो कच्च्या शेणाचा असतो. मी मात्र शहाण्यासारखा थांबलो, आणि माल परत घ्यायची त्याची मुदत होती ७ दिवस. कळलं ना?

नंतर रोपं लावली, ती पिवळी पडून जागच्या जागी बसली. परत फोन. यावेळी म्हणे तुमच्या मिक्समध्ये मायकोरायझा (मुळांशी जोडून वाढणारी उपयोगी बुरशी) कमी आहे, आमचं पाकीट घ्या आणि ढिगात मिसळा. आणि मी घेतलं!! पाकिटावर बुरशीची जात नाही, किती बीजाणू ते नाही, एक्स्पायरी नाही, नुसती पांढरी पावडर. खरंतर मायकोरायझा जिवंत मुळाला लागला तरच वाढतो, रोप लावताना मुळाशी टाकायचा असतो, ढिगात कालवून काय उपयोग. हे मी वाचलं ते पैसे गेल्यावर.

शेवटी एक शिल्लक पोतं उघडून काचेच्या बरणीत एक तृतीयांश खत, वर पाणी, जोरात हलवून ठेवलं. मिनिटभरात खाली दोन बोटं चमकणारी वाळू. थोडी कचकच चांगल्या खतातही असते, गांडुळाच्या पोटात दळायला बारीक खडे लागतातच, पण दोन बोटं? मग सॅम्पलचा उरलेला डबा आणि पोत्यातलं खत एकाच वाटीने घेऊन वजन केलं तर पोत्यातलं जवळपास दीडपट भरलं. वर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बंद करून उघडलं, पुन्हा तोच भपका. म्हणजे कच्चं शेण वाळवून, चाळून, वाळू घालून.

आता घेताना मी या तिन्ही चाचण्या पोत्यातल्या मालावर करतो, सॅम्पलवर नाही, आणि वेगवेगळ्या पोत्यांच्या तळातून मूठ काढून, कारण वरचा थर कधीकधी मुद्दाम चांगला ठेवतात. शिवाय एका कुंडीत मुळ्याचं बी त्या खतात आणि एका कुंडीत माझ्या जुन्या मातीत, आठवडाभरात फरक दिसतो. मोठी ऑर्डर त्यानंतर, आणि मोजून लिटरवर.

त्याला बरणीचा फोटो पाठवला तर उत्तर आलं "नैसर्गिक आहे सर", आणि मग ब्लॉक. ढीग अजून आहे, वाळलेली पानं घालून आठवड्यातून एकदा उलटतोय, वास गेला, पण वाळू कुठे जाणार, दर वेळी कुंडी उचलताना कंबर आठवण करून देते.