जुन्या रेकॉर्ड घेताना माझे साडेआठ हजार गेले, नाशिककरांनो बघून घ्या

बाबांसाठी नाट्यगीतांच्या एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्ड, जमवायच्या असं दिवाळीपासून डोक्यात होतं, आणि मला यातलं शून्य कळत होतं हे आधीच सांगते. ऑनलाइन जाहिरात दिसली, ३० रेकॉर्ड आणि प्लेअर मिळून साडेआठ हजार. फोन केला तर एक काका, अगदी गोड बोलणारे, म्हणाले पंचवटीतला जुना वाडा पाडायला काढलाय, वडिलांचा संग्रह आहे, भंगारात द्यायला मन होत नाही गं बाळ. मी तिथेच विरघळले.

वाड्यावर मात्र बोलावलं नाही, सामान हलवलंय म्हणे. रविवार कारंज्याजवळ कुणाच्या तरी दुकानात जांभळ्या टॉवेलवर सगळं मांडलेलं, रेकॉर्ड अशा चकाचक की त्यात वरची ट्यूबलाइट दिसत होती. एक लावून दाखवली, रस्त्याच्या गोंगाटात छानच वाटली. दुसरी लावा म्हटलं तर दुकान बंद करायची घाई, आणि नाशिकरोडचं गिऱ्हाईक तासाभरात येतंय म्हणे. पैसे जागेवर पाठवले. मूर्खपणा, हो, माहितीये.

घरी येऊन पहिलीच बाहेर काढली तर खोबरेल तेलाचा वास! आजी न्हायच्या आदल्या रात्री डोक्यावर थापायची ना, अगदी तसा. तेलाचा हात फिरवला की ओरखडे झाकतात, रेकॉर्ड नवी दिसते, पण त्याच तेलात धूळ बसते, ती खाचांमध्ये जाते आणि सुईला चिकटते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून, लेबल भिजू न देता एकेक पुसली तेव्हा खरं रूप दिसलं, मांजरांची मारामारी झाल्यासारखं. धड वाजतात सहा. नाट्यसंगीताच्या एका कव्हरात तर गुजराती गरबा निघाला.

त्यात ११ होत्या ७८ स्पीडच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, काका म्हणाले होते या सगळ्यात जुन्या म्हणून मोलाच्या. प्लेअरला स्पीड फक्त ३३ आणि ४५. त्यांच्या खाचा रुंद असतात, सुईही वेगळी लागते, बारीक खाचांची एलपी १९४८ ला आली, त्याच्या आधीचा हा प्रकार. ४५ वर लावून बघितली तर गायक पेंगत गातोय. या लाखेच्या असतात, स्पिरिटने पुसायला निघाले होते तेवढ्यात प्लेअर बघायला आलेल्या मेकॅनिकने हात धरला, सुतार पॉलिशला स्पिरिटमध्ये विरघळवतो तीच चपडा लाख म्हणे. आणि ठिसूळ किती, एक हातातून सुटली तर तीन तुकडे. प्लेअरची सुई पण झिजलेली निघाली, तो म्हणाला ही चांगल्या रेकॉर्डसुद्धा खाईल, सहा वाचल्यात त्या आधी बाजूला ठेवा.

तर घ्यायला जाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, वरून धरला तर काही दिसत नाही. नखाला लागतो तो ओरखडा वाजणारच. कव्हरवरचा आणि लेबलवरचा नंबर जुळवा, रेकॉर्ड डोळ्यासमोर आडवी धरून वाकलीय का बघा, तुमच्या हाताने निवडलेल्या चारपाच तरी वाजवून घ्या. आणि वास घ्या, लाजू नका.

काकांचा फोन तेव्हापासून बंद. मागच्या आठवड्यात नवीन जाहिरात दिसली, भाव नऊ हजार, आता संग्रह मावशींचा झालाय. फोटोत टॉवेल तोच, जांभळा.