बाइंडिंग एक नंबर, नकाशे मात्र स्वतः उभं राहून छापून घ्या (३ स्टार)

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण काका स्वभावाने चांगलेत आणि चूक अर्धी माझी पण आहे. नारायण पेठेतलं साधं झेरॉक्स-स्पायरल-थिसिस बाइंडिंगवालं दुकान, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं.

काम जरा वेगळं होतं. माझा भाऊ अमेरिकेत नेब्रास्कात असतो, गेज काउंटीत, बिॲट्रिस नावाच्या गावात (तिथले लोक 'ॲ'वर जोर देतात, आपण चुकीचं म्हटलं की लगेच दुरुस्त करतात म्हणे). आमचे बाबा भूमी अभिलेखमधून मोजणीदार म्हणून रिटायर झालेले, इंदापूर दौंड बारामती सगळं पायी तुडवलेलं, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर त्यांचा प्रश्न हवापाणी जेवण वगैरे नाही, "तिकडे मोजणी कशी करतात रे?" मग भावाने त्या काउंटीत लोक कसे येऊन वसले त्याची जुनी स्कॅन केलेली पानं आणि टाउनशिपचे नकाशे पाठवले, ३८० पानं. बाबा मोबाइलवर काही वाचत नाहीत म्हणून पेनड्राइव्ह घेऊन मी पेठेत.

मजकुराची पानं सुंदर आलीत. जुन्या स्कॅनचा काळपटपणा काकांनी स्वतःहून कमी करून दिला, हार्ड बाउंड, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, आणि पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. इथपर्यंत पाच स्टार.

आता नकाशे. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, तिकडे जमीन म्हणजे अक्षरशः चौकटीची वही. सहा मैल बाय सहा मैलाची टाउनशिप, तिच्यात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. नंबर वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू होऊन डावीकडे, मग खालच्या ओळीत उलटे उजवीकडे, बैल नांगर वळवतो तसे. १६ आणि ३६ नंबर शाळेच्या खर्चासाठी राखलेले. ६६ फुटी साखळीने मोजलेलं सगळं, आणि आपला गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे त्यांची साखळी बरोबर आपल्या दुप्पट, हे कळल्यावर बाबांचा चेहरा बघायला हवा होता.

बाबांना बघायचा होता सेक्शन २६, टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व (रेंज म्हणजे टाउनशिपची उभी रांग, हा तिकडचा जमिनीचा पत्ता). लिंकनने १८६२ मध्ये होमस्टेड कायदा सही केला, १८ डॉलर फी, पाच वर्षं तिथे राहा, घर बांधा, जमीन कसा, १६० एकर तुमची. बायकांनाही मिळायची, फक्त कुटुंबप्रमुख किंवा एकटी बाई असायला हवी. कायदा लागू झाला १ जानेवारी १८६३ ला आणि त्याच दिवशी डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने ब्राउनव्हिलच्या ऑफिसात पहिल्या अर्जांपैकी एक भरला, मध्यरात्रीनंतर ऑफिस उघडायला लावलं असं सांगतात, खरंखोटं देव जाणे. पट्टा हातात पडला १८६९ मध्ये. (तालुक्याला खेपा घालणाऱ्यांना ही स्पीड ओळखीची वाटेल.) ह्याच २६ नंबरातली त्याची जमीन सरळ चौकोनी पण नाही, ४०-४० एकरांचे चार तुकडे, खाली तीन ओळीने आणि मधल्याच्या डोक्यावर चौथा. आज तिथे नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे.

तर हा २६ नंबर उजवीकडून दुसऱ्या उभ्या ओळीत येतो. काकांच्या पोराने मोठा नकाशा ए-फोरवर तसाच दाबला, शेवटची उभी ओळ प्रिंटमध्येच उडाली, त्यात शाळेचा ३६ पण गेला, आणि २६ चा उजवा अर्धा भाग बाइंडिंगच्या डिंकात. म्हणजे फ्रीमनचे १६० पैकी ४० एकर शिलाईत. बाबा भिंग घेऊन पुस्तक फाकवतायत आणि मी "अहो बाबा, मोडेल ते" करत मागे उभी.

दुसरी गोष्ट मात्र जास्त खटकली. काउंटीच्या दक्षिणेचा एक नकाशा पुस्तकात नव्हताच. विचारायला गेले तर काका म्हणाले, "ताई, ते पान कोरंच होतं, तुमचे पैसे कशाला घालवायचे." कोरं कसलं, ओटो-मिझुरिया ह्या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची राखीव जमीन होती ती, बिग ब्लू नदीच्या काठाने कॅन्ससपर्यंत गेलेली. त्यांनी १८५४ च्या तहात बाकीचं सगळं सोडून दिलं आणि एवढंच उरलं, मग तेही तुकड्यातुकड्याने विकलं गेलं, १८८१ मध्ये त्यांना आताच्या ओक्लाहोमात हलवलं. नकाशात तिथे चौकटी नाहीत कारण तेव्हा आत साखळीच फिरली नव्हती. बाबा म्हणाले इंदापुरात १८३० च्या दशकात इंग्रजांनी मोजणी केली तेव्हा शेतं आणि कसणारे आधी होते, नंबर नंतर पडले, तिकडे नंबर आधी आणि शेतकरी नंतर आणलेत. मग थोडं थांबून, "आणि जे आधी होते त्यांचा उतारा कोणी काढला?" मला काही उत्तर देता आलं नाही.

काकांनी कुरकुर न करता सगळे नकाशे ए-थ्रीवर परत काढून दिले, ते "कोरं" पान पण, पैसे फक्त कागदाचे घेतले, गुंडाळायला पुठ्ठ्याची नळी फुकट. पण पहिल्या खेपेला कोणी विचारलंच नाही की नकाशे वेगळे काढायचेत का, म्हणून दोन स्टार कापले. पार्किंग नाही. यूपीआय चालतं. थिसिसवाल्यांनी बिनधास्त जा, नकाशा ड्रॉइंग पत्रिका असलं काही असेल तर पोराच्या शेजारी उभं राहून साइज स्वतः बघा आणि बाइंडिंगच्या बाजूला निदान दीड इंच मार्जिन सोडायला सांगा.

नळी सध्या बाबांच्या कॉटखाली आहे, भावाला रविवारी फोन लागला की पहिली ती बाहेर निघते.