विकण्याआधी घर: पूर्ण रंग की टचअप?

टचअप, म्हणजे फक्त खराब जागेपुरता रंग, स्वस्त; पण तो खपून जातो फक्त रंग ताजा असेल आणि त्याच डब्यातला उरला असेल तर. जुन्या भिंतीचा रंग उडालेला असतो, चमकही वेगळी. तिरप्या उजेडात ठिगळ लगेच दिसतं. अशा वेळी निदान ती अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवा.

पूर्ण रंगात खरं काम रंगाआधीचं: भेगा खरवडून पुट्टी, १८० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, मग फिकट रंगाचे २ हात. मधे डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या.

ओल असेल तर दोन्ही वाया. आधी गळती काढा, भिंत पूर्ण वाळू द्या. नाहीतर फुगे येतात, पापुद्रे सुटतात. एकाच कोपऱ्यातला नवा रंग पाहून ग्राहकालाही शंका येते.